चऱ्होलीत नागपूर लागतं

संत तुकाराम नगर, पिंपरी
८ जानेवारी १९७४

कस्तुरा,

हे पत्र रेडिओबद्दल आहे. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पाकिटावरचं माझं अक्षर बघून वाईट बातमी समजली असशील तर तसं काही नाही. आई ठणठणीत आहे. तुझी वहिनी ठणठणीत आहे. माझी एक दाढ काढली, ती तशीही कामाची नव्हती. पाच वर्षं अवाक्षर नाही आणि आज एकदम दादाचं पत्र कसं, असं तू म्हणशील. म्हण.

तर रेडिओ. गेल्या गुरुवारी सुट्टीला चऱ्होलीला गेलो होतो. आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "ते खोकं घेऊन जा आन नीट कर." खोकं म्हणजे बाबांचा पाच व्हॉल्व्हचा लाकडी रेडिओ. बाबा गेल्यावर तो हळूहळू घोगरा होत गेला आणि दोन पावसाळे झाले, फळीवर मुका बसून आहे. मी कितीदा म्हटलं नेतो, तर ही म्हणायची, राहू दे, मला काय करायचंय ऐकून. म्हणून विचारलं, "आता कशाला?"

"कशाला म्हंजी? उंदरं पिल्लं घालत्यात त्यात."

मागचा पत्रा काढून बघितला. उंदराची एक लेंडीसुद्धा नाही. पण आईशी वाद कोण घालणार? मी घालत नाही. तू घातलास, तर आज नागपुरात आहेस.

त्याच आठवड्यात कँटीनमध्ये श्यामने बातमी दिली. श्याम म्हणजे आमचा वाइंडिंगवाला. तुला त्याची ओळख सांगायला नको, तुझ्या लग्नाला साक्षीदार म्हणून सही त्यानेच केली. त्या दिवशी मी त्याच्या शेजारच्या मशीनवर उभा होतो. "जरा दोन तास जाऊन येतो" म्हणून तो गेला आणि तोंडात पेढा घालून आला. असो. ते या पत्राचं काम नाही. श्याम म्हणाला की नागपूर केंद्रावरून महिलांच्या कार्यक्रमात तुझं भाषण आहे, एकवीस फेब्रुवारीला, गुरुवारी, संध्याकाळी. शाळेत विज्ञान शिकवतेस हे ठाऊक होतं. रेडिओवर बोलण्याइतकी मजल गेली हे ठाऊक नव्हतं.

या दोन गोष्टी एका आठवड्यात घडल्या एवढंच. मी त्यांचा एकमेकींशी संबंध लावत नाही. फक्त रेडिओ दुरुस्त करायचाच आहे, तर तो नागपूर पकडण्याइतका करायचा की पुण्यापुरता, हे मेकॅनिकला आधी ठरवावं लागतं. मी नागपूर ठरवलं आहे. तर एवढं कळव: नागपूर केंद्र मीडियम वेव्हवर नेमकं कुठे लागतं, आणि कार्यक्रम नेमका किती वाजता. "साधारण साडेसात" असं लिहू नकोस. मला साधारण काही नको असतं, तुला माहीत आहे.

सदाशिवरावांना नमस्कार सांग. सांगायचा झाला तर.

तुझा दादा,
साहेबराव

*

पिंपरी
२४ जानेवारी १९७४

कस्तुरा,

तुझं कार्ड पोचलं. आकडे दिलेस, वेळ दिलीस, साडेसात म्हणजे साडेसात असं खाली रेघ ओढून लिहिलंस. छान. पण बाकीच्या अडीच ओळी मला पटल्या नाहीत. "आईने माझा आवाज ऐकायचा नाही असं ठरवलंय. तिला फसवून ऐकवू नकोस, दादा."

तुझ्या लग्नाचं घरी कळलं त्या दिवशी आई काय बोलली ते तू श्यामकडून ऐकलंस आणि श्यामने कुणाकडून तरी. मी समोर होतो, म्हणून शब्द माझ्याकडून घे. ती म्हणाली, "छप्पन साली पांढरं लुगडं नेसून नागपूरला गेले ती त्यांच्या देवळांतनं, त्यांच्या उंबऱ्यांतनं कायमची भाईर पडायला. आन ही त्याच उंबऱ्यात माप वलांडायला चालली. तिचा आवाज माझ्या कानावर पडायचा न्हाई." मग चुलीवरचं कालवण उतरवलं आणि आम्हा सगळ्यांना वाढलं. स्वतः जेवली नाही. हे श्यामने सांगितलं नसेल, कारण ते त्याला माहीत नव्हतं.

मी फसवत नाही. एकवीस तारखेला साडेसात वाजता चऱ्होलीतल्या रेडिओवर नागपूर स्वच्छ लागलं पाहिजे, एवढंच माझं काम. ऐकायचं की उठून गोठ्यात जायचं, ते आईचं काम.

आता खरं काम सांगतो. तू विज्ञानवाली आहेस म्हणून, नाहीतर कुणाला सांगत बसलो नसतो. एरियलवर येणारी लहर दोन्हीकडे झुलत असते. तिची एक बाजू कापून टाकली की उरलेल्या बाजूतून माणसाचा आवाज निघतो. हे कापण्याचं काम डायोडचं. आपल्या सेटमध्ये तो एका व्हॉल्व्हच्या पोटातच आहे आणि तोच म्हातारा झालाय. नवा व्हॉल्व्ह मिळत नाही. त्याचं बाकीचं अंग चांगलं आहे, तेव्हा तो काढायचा नाही, त्याच्या डायोडचं काम तेवढं बाहेरून दुसऱ्या डायोडकडे द्यायचं, असं मी ठरवलं.

बुधवार पेठेत गेलो. दुकानदाराने काळा, करंगळीच्या पेराएवढा डायोड पुढे टाकला. "हा न्या. बीवाय एकशे सत्तावीस. बिनधास्त लावा."

"हा सिलिकॉन आहे. हा विजेच्या लाइनीवर ठीक. मला स्टेशन पकडायला पाहिजे."

"अहो राव, डायोड तो डायोड. करंट इकडून जातो, तिकडून जात नाही. आणखी काय गाणं म्हणून दाखवायला पाहिजे का त्याने?"

"हो," मी म्हटलं, "तेच पाहिजे."

आजूबाजूची गिऱ्हाइकं हसली. तो काही हसला नाही. पण मी खोटं बोललो का सांग. सिलिकॉन म्हणजे जड बिजागरीचं दार. जोरात ढकललं तर उघडतं. पुणं केंद्र शेजारीच, ते लाथ मारून उघडेल. नागपूरहून चऱ्होलीला येईपर्यंत लहर म्हणजे नुसती फुंकर झालेली असते. फुंकरीने दार उघडत नाही, पडदा हलतो. जर्मेनियमचा डायोड म्हणजे पडदा. तुझा आवाज दाराशी येऊन परत जायचा नसेल तर जर्मेनियमच पाहिजे. तो दुकानदार दिवाळीपासून "पुढच्या आठवड्यात येतील" म्हणतोय.

मग बुधवारी पहिली शिफ्ट सुटल्यावर जुन्या बाजारात गेलो. एक जण मिलिटरीच्या वायरलेस सेटच्या पाट्या भंगारात विकत होता. त्यातल्या एका पाटीवर ज्वारीच्या दाण्याएवढे काचेचे मणी दिसले. एक मणी डोळ्याला लावून उजेडाकडे धरला. कस्तुरा, आत काय दिसलं सांगू? एक बारीक तुकडा आणि त्याच्यावर टोक टेकवलेली केसाएवढी तार. बस. आपण पुणं केंद्र सुरू झालं तेव्हा आगपेटीत काय केलं होतं? काळा चमकता खडा आणि त्याच्यावर टोचून बसवलेली सेफ्टी पिन. तेच. आपला आगपेटीतला रेडिओ कुणीतरी काचेच्या मण्यात घालून लढाईवर पाठवला होता. मी बाजारात एकटाच हसत उभा राहिलो. भंगारवाला म्हणाला, "काय काका, सोनं सापडलं का?"

मण्यांवरचे रंग उडालेत, त्यामुळे कुठलं टोक कुठलं ते कळत नाही. म्हणजे मीटरने शोधावं लागणार. माझा मीटर पडून त्याचा काटा वाकलाय, म्हणून कंपनीतला नवा इलेक्ट्रॉनिक मीटर आठवड्यासाठी मागून आणला. इथे एक गंमत आहे, ती शंभरातल्या नव्वद मेकॅनिकांना ठाऊक नसते. रेझिस्टन्स मोजताना मीटरची काळी वायर असते ती प्लस होते, आणि लाल मायनस. आतल्या सेलमुळे. मी धडाधड मोजून खुणा करून टाकल्या. श्याम शेजारी उभा. म्हणाला, "दादा, या मीटरच्या झाकणावर काहीतरी छापलंय वायरींबद्दल, एकदा वाचा की."

मी म्हटलं, "श्याम, झाकणं वाचून मी रेडिओ शिकलो नाही."

चांगले निघालेल्यांतला सगळ्यात चांगला लावला आहे. पुढच्या गुरुवारी सेट सायकलला बांधून चऱ्होलीला नेणार.

दादा

*

पिंपरी
३ फेब्रुवारी १९७४

कस्तुरा,

लागलं!

अगं काय लागलं म्हणून सांगू. गुरुवारी दुपारी सेट गोधडीत गुंडाळून, कॅरियरवर बांधून, दिघीच्या वाटेने गेलो, एका खड्ड्यात चाक घातलं नाही. जुनं एरियल कुजलं होतं. दारातल्या लिंबापासून आढ्याच्या टोकापर्यंत नवी तांब्याची तार ओढली, दोन्ही टोकांना चिनी मातीचे गोळे. आई म्हणाली, "बरं झालं, लुगडी वाळत घालायला व्हईल." मी म्हटलं, "याच्यावर लुगडी नाहीत." तिने तार जरा खाली ओढून वजन पेलते का ते तेवढं बघितलं.

सूर्य बुडाला, मी बटण फिरवलं. काचेमागच्या दिव्याचा हिरवा डोळा उघडला. काटा सरकवत गेलो: हैदराबाद, इंदूर, कुठलंतरी गुजराती, आणि मग एकदम, जणू पलीकडच्या आळीतून, "हे आकाशवाणीचं नागपूर केंद्र आहे." पाण्यासारखं! मला ओरडावंसं वाटलं. ओरडलो पण. तुझी वहिनी म्हणाली, अहो गाय बिथरेल.

आई पाठ करून तांदूळ पाखडत बसली होती. निवेदिकेने "नागपूर" म्हटलं तेव्हा सुपाचा आवाज थांबला. बहुधा खडा सापडला असावा. मग पुन्हा सुरू झाला.

तुझं मोठं पत्र काल आलं. दोनदा वाचलं. भाषणाचा विषय "घरातलं विज्ञान" आहे ते समजलं. भीती वाटते म्हणतेस, त्याबद्दल एकच सांगतो: माइकपासून एक वीत, आणि "स" म्हणताना मान किंचित बाजूला. तू लहानपणापासून "स" जोरात म्हणतेस. जर्मेनियम सगळं दाखवतो, लपवत नाही.

काचेतल्या तारेचं मी लिहिलं ते तुला आवडलं, वर्गात मुलींना सांगितलंस. बरं वाटलं. म्हणजे बरोबर सांगितलंस ना? टोक टेकलेलं असतं, चिकटवलेलं नाही.

सदाशिवराव तुझं भाषण घड्याळ लावून ऐकतात आणि लांबलं की खोकतात हे वाचून हसू आलं. माणूस नेमका दिसतो. त्यांना नमस्कार.

दादा

*

पिंपरी
१५ फेब्रुवारी १९७४

कस्तुरा,

हे पत्र श्यामला दाखवायचं नाही. तो तुला पत्र पाठवतो हे मला कळलंय, म्हणून सांगतो.

काल चऱ्होलीला गेलो तर रेडिओ परत फळीवर. वर फडकं. मी विचारलं, हे काय?

"ने तुझा तू," आई म्हणाली. "मला नगं. माणूस बोलतंय का रेडं वरडतंय तेच कळंना. बाजारभाव ऐकाया बसले, तर भाव सांगणारा घशात घास अडकल्यावानी. भजन लावलं तर टाळ न्हाईत, पत्रं वाजत्यात."

"अगं नागपूर पाण्यासारखं लागलं होतं. तू ऐकलंस ना?"

"मी कशाला ऐकू? मी पुण्याचं सांगत्ये."

मला राग आला. म्हटलं, पुणं काय, पुणं तर चमच्याला तार बांधली तरी ऐकू येतं. शेजारची तानुबाई दारातच होती. ती म्हणाली, "साहेबराव, तुमीच कंपनीतली मशीनं सांभाळता न्हवं? बरी हायत ना ती?"

आई म्हणाली, "सांभाळतोय. म्हणून तर त्यांची घरं चालत्यात." आता हे माझ्या बाजूने बोलली की विरुद्ध, ते मला अजून कळलं नाही.

रेडिओ खाली काढला, पुणं लावलं. खरंच सांगतो, कस्तुरा, कानात बोटं घालावीत असं. मी कधी लावूनच बघितलं नव्हतं. इकडे आणण्याआधी पिंपरीत आठवडाभर रोज संध्याकाळी हैदराबाद ऐकलं, इंदूर ऐकलं, एकदा कोलंबो ऐकलं आणि शेजाऱ्यांना बोलावून ऐकवलं. पुणं लावायचं काय, ते कुणीही लावतं! आणि आई बिचारी फक्त तेवढंच लावते.

आधी म्हटलं स्पीकरचा कागद फाटला. नाही फाटला. मग म्हटलं आईचे कान. ते मनातच म्हटलं. मग आवाज आपोआप कमी-जास्त होतो त्या लाइनीवर माझा वाकलेला मीटर लावला आणि काटा उलट्या बाजूला गेला. मी मीटर खाली ठेवला.

तुला सोपं करून सांगतो. हा डायोड दोन कामं करतो. एक, आवाज काढणं. दुसरं, स्टेशन फार जोरात आलं की पुढच्या व्हॉल्व्हना "हळू घ्या" म्हणून निरोप देणं. डायोड उलटा लावला तरी आवाज निघतोच, काही फरक कळत नाही. पण निरोप उलटा जातो. स्टेशन जेवढं जोरात, तेवढा हा पुढच्यांना सांगतो, "आणखी ओरडा!" लांबचं स्टेशन मुळातच हळू, त्याला निरोप लागतच नाही. म्हणून नागपूर पाण्यासारखं आणि शेजारचं पुणं रेड्यासारखं.

आणि उलटा का लागला? त्या नव्या मीटरमध्ये लाल वायर प्लसच राहते. माझ्या जुन्या मीटरसारखं उलटं होत नाही. झाकणावर तसं छापलेलं आहे. मोठ्या अक्षरांत. शंभरातल्या ज्या नव्वद मेकॅनिकांना ती काळ्या वायरीची गंमत ठाऊक नाही ना, त्यांनी तो डायोड बरोबर लावला असता. मला ठाऊक होती म्हणून मी उलटा लावला!

आता कळतंय तुला, श्यामला का दाखवायचं नाही?

निखाऱ्यावर इस्त्री तापवावी तसा डाग द्यायचा काव्या तापवला, डायोड काढला, फिरवला, पुन्हा डाग दिला. चहा गार व्हायच्या आत काम झालं. पुणं लावलं. टाळ टाळांसारखे. मग आईसमोर जाऊन म्हटलं, "आई, माझंच चुकलं होतं."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी लहानपणी ताप उतरून उठलो की बघायची. कपाळाला हात लावायचा तेवढा बाकी ठेवला. तानुबाईला म्हणाली, "ऐकलंस न्हवं? तू साक्षीला हाईस." तुझ्या वहिनीने ते वाक्य येताना सायकलवर तीनदा म्हणून दाखवलं.

मग मी पत्रा लावत असताना आई सहज म्हणाली, "आन लांबचं? लांबचं लागतंय न्हवं अजून?"

लागतं म्हटलं. दाखवलं. पहिल्यापेक्षा चांगलं लागतं.

"बरं," म्हणाली आणि शेण काढायला गेली. तिला लांबचं कशाला पाहिजे ते मी विचारलं नाही. पत्रा लावण्यात लक्ष होतं.

येत्या गुरुवारी. माइकपासून एक वीत.

दादा

*

पिंपरी
२२ फेब्रुवारी १९७४

माझ्या गुणाच्या कस्तुरा,

सकाळची शिफ्ट करून आलो, जेवलो नाही, आधी हे लिहायला बसलो. क्रमाने सांगतो. मध्येच शेवट वाचू नकोस.

काल दुपारी चारला आम्ही दोघं चऱ्होलीत पोचलो. माझा बेत ठरलेला. सात वाजता सहज म्हणून पुणं लावायचं, बातम्या ऐकवायच्या, मग सहज म्हणून काटा फिरवत फिरवत साडेसातला नागपूरवर जाऊन थांबायचं. "अरे, कोण बाई बोलतेय बघू" असं एक वाक्यसुद्धा मी तयार केलं होतं. तुझी वहिनी म्हणाली, तुम्हाला ते जमणार नाही. मी आरशासमोर म्हणून बघितलं होतं, जमत होतं.

दारात शिरताना बघितलं तर एरियलवर एकही कपडा नाही. तेवढंच बरं, म्हटलं. मी लुगडी नाहीत असं सांगितल्यापासून, तानुबाई म्हणते, त्या तारेवर रोज सगळ्या आळीची धुणी वाळतात. आज मात्र तार दुपारपासून रिकामी. ओली लुगडी घरात, कणगीवर, खाटेच्या पायावर, जिथे तिथे टाकलेली. आणि आई पांढऱ्या लुगड्यात. पेटीच्या तळातलं, घडीच्या ठिकाणी पिवळं पडलेलं. मी म्हटलं, "कुठे जायचंय का?"

"कुठं जाणार या वक्ताला?"

तानुबाई आली. तिच्यामागून आणखी दोघी-तिघी आल्या, आपापले पाट घेऊन. मी म्हटलं चालू दे, गर्दीत माझं वाक्य खपून जाईल. रेडिओ लावला. पुणं. बातम्या. मी घड्याळ बघतोय, काट्याला हात लावतोय, काढतोय. सव्वासात झाले, मग वीस. सगळ्याजणी माझ्याकडे बघतायत. माझ्या तोंडून "अरे, कोण" एवढंच निघालं, आणि आई म्हणाली,

"पुण्यातच मुक्काम करायचाय का? साडेसात वाजत आलं. नागपूर लाव."

कस्तुरा, माझा हात बटणावर तसाच.

"तुला कुणी सांगितलं?"

"श्यामनं. आळंदीला जातो तवा चहाला येतो की. पोराच्या पोटात काय राहात न्हाई. पौषातच सांगून गेला."

"मग मला बोलली नाहीस ते?"

"तू बोललास मला?"

"म्हणून उंदीर?"

"उंदीर न्हवतं त्यात," आई म्हणाली. "लाव आता."

म्हणजे मी तिला गुपचूप ऐकवणार होतो आणि ती मला गुपचूप कामाला लावून बसली होती! पाटावरच्या सगळ्या हसायला लागल्या. सगळ्यांना माहीत होतं. सबंध आळीत माहीत नव्हतं ते फक्त मला आणि गाईला.

नागपूर लावलं. सतारीचा तुकडा वाजला, निवेदिकेने तुझं नाव घेतलं. नवऱ्याचं नाव मागे जोडून घेतलं. मी आईकडे बघितलं नाही. आणि मग तू.

आवाज आला, हळूहळू बुडाला, परत वर आला. लांबचं स्टेशन असंच श्वास घेतं, त्यात दोष नाही. पहिल्या वाक्याला आई म्हणाली, "बारीक झालाय." तानुबाई म्हणाली, "रेडिओत समद्यांचाच व्हतो." आई म्हणाली, "हिचा झालाय. खाती का न्हाई कोण जाणं." मी म्हटलं, गप्प बसा, नाहीतर बंद करतो. माझ्या घरात मी एवढ्या मोठ्याने आईला कधी बोललो नाही. ती गप्प बसली.

चुलीचा धूर वर का जातो ते सांगितलंस, छान. साबण-पाण्याचं छान. "स" एकदाही टोचला नाही. आणि मग म्हणालीस, "माझ्या मोठ्या भावाने मला विज्ञान शिकवलं. तो शाळा मध्येच सोडून कारखान्यात लागला होता. त्याने आगपेटीत खडा आणि सेफ्टी पिन घालून रेडिओ केला. परवा त्याने मला कळवलं की तीच पिन आता केसाएवढी होऊन काचेच्या मण्यात बसते, टोक टेकवून, चिकटवून नव्हे."

माझं वाक्य! जसंच्या तसं! नागपूर केंद्रावरून निघालं, सगळा विदर्भ ओलांडून आलं, लिंबाच्या झाडावर उतरलं आणि त्याच मण्यातून बाहेर पडलं. मी उठून बाहेर गेलो. एरियलचा ताण बघायला गेलो होतो. तिथूनही ऐकू येत होतं.

म्हणून पुढचं मी दारातून ऐकलं. तू म्हणालीस, आमचं एरियल म्हणजे आईची वाळवणाची तार. आई ओली लुगडी टाकायची आणि गाणं बुडायचं. आम्ही ओरडायचो, आई ओरडायची, म्हणायची तुमच्या गाण्यापायी मी काय ओलं नेसू? ओल्या कपड्याने लहर जमिनीत जाते, हे मी पुस्तकात नंतर वाचलं, आधी आईच्या लुगड्यावर शिकले.

सगळ्याजणी खदखदून हसल्या. आणि आई ताडकन उठली. रेडिओच्या समोर जाऊन उभी राहिली, कमरेवर हात.

"खोटं! साफ खोटं! एकदा वरडले असंन. एकदा! मग रोज संध्याकाळच्याला लुगडी काढून घ्यायचे मी. हातावर घेऊन हुबी ऱ्हायचे परसात, गाणं सरंपातुर. तुमास्नी कुठं दिसायचं, तुमी दोघं कानाला ते लावून आत! हात गार पडायचं माझं. सांग की ते! ते का न्हाई सांगत?"

तू पुढे बोलत होतीस, उकळत्या पाण्याबद्दल.

तानुबाई म्हणाली, "अगं सरूबाई, खाली बस. रेडिओ हाय तो. त्येला काय ऐकू जातंय?"

आई तशीच उभी. हिरव्या डोळ्याचा उजेड तिच्या पांढऱ्या लुगड्यावर पडलेला. म्हणाली, "मग कसं सांगू तिला?"

तुझं भाषण संपलं, नमस्कार म्हणालीस, परत सतार वाजली. मी आत आलो, रेडिओ बंद केला. आणि मी मूर्ख, मला सगळं नेमकं लागतं ना, मी म्हटलं, "आई, तू म्हणाली होतीस तिचा आवाज कानावर पडायचा नाही."

"मग कुठं पडला?" आई म्हणाली. "ह्यो रेडिओचा आवाज. तुझ्या त्या काचंच्या मण्यातनं आला. मी बोलले ते मोडलं न्हाई. तिचा आवाज म्हंजी ती म्होरं बसून बोलंल तो."

"आणि तो ऐकायचा नाही?"

"आता ऐकायला लागंल की. त्याबिगर मी तिला कसं ऐकवणार? रेडिओला कान न्हाईत." मग पाट उचलून भिंतीला लावत म्हणाली, "लिही तिला. खोटं बोललीस म्हणाव, सगळ्या मुलखासमोर. हितं येऊन माझं ऐकून जा म्हणाव."

"एकटीला?"

आईने लुगड्याचा पदर सारखा केला. "त्याला ठेवून येणार हाय का ती? घिऊन ये म्हणाव. चा देईन."

"नुसता चहा?"

"आधी चा. मग बघू."

तर हे असं आहे. शाळेला सुट्टी लागली की निघा. गाडी चिंचवडला थांबत असेल तर चिंचवडला उतरा, नाहीतर पुण्याला, मी दोन्हीकडे येईन. म्हणजे तू कळवशील तिकडे येईन. डबा नेमका कळव. सदाशिवरावांना सांग, मी त्यांना माझा वाकलेला मीटर दाखवणार आहे आणि कंपनीचा पण, झाकणासकट. श्यामला आज कँटीनमध्ये पेढा खिलवला. त्याला वाटलं, तुझ्या भाषणाचा. मी म्हटलं, पाच वर्षं राहिलेला आहे, खा.

तुझा दादा,
साहेबराव

ता. क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात चऱ्होलीचा दूधवाला आईचा निरोप घेऊन आला. शब्द तिचेच लिहितो: "यायच्या आधी कळव म्हणाव. तार मोकळी ठेवते."